तीन हिसके

सिनेमा सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली नव्हती, तोवर तो भिकार आहे यावर इट्टोच्या घरात जमलेल्या सगळ्यांचं एकमत झालं होतं. आमच्या गावात एकमत होणं ही साधी गोष्ट नाही. पाण्याच्या पाळीवरून इथे सख्खे भाऊ तीन-तीन वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. पण ‘सात दोर’ नावाच्या त्या सिनेमानं चहाचा दुसरा पेला भरायच्या आत सगळ्यांना एका माळेत ओवलं.

शुक्रवारची दुपार होती. नमाज झाली होती, कुसकुसची परात रिकामी झाली होती आणि उजेड नको म्हणून खिडकीवर घोंगडी टांगली होती. इट्टोच्या दिराचा मुलगा लाहो वार्झाझात शहराच्या बाजारातून तो सिनेमा पेनड्राइव्हवर घालून घेऊन आला होता. सिनेमा आमच्याच माळावर काढलेला, आठ महिन्यांपूर्वी, सतरा दिवसांत उरकलेला. निम्म्या गावानं त्यात काम केलं होतं. त्यामुळे वीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि जो तो पडद्यावर स्वतःला शोधत होता.

“ही बाई म्हणे वाळवंटात हरवलीय!” लाहो ओरडला. “अहो, मागे बघा, तूदाकाकूच्या गोधड्या वाळतायत!”

“मग? मी कुणासाठी धुणं थांबवू?” शेजारची तूदा फणकारली. “त्यांनी आपला कॅमेरा तिकडे वळवावा.”

गोष्ट म्हणाल तर अशी. सात शहरी दोस्त एका ओसाड गढीत येतात. तिथे मुखवटा घातलेला एक माणूस त्यांना खेळ खेळायला लावतो. हरेल त्याला दोराला बांधून विहिरीत सोडायचं, आणि बाकीच्यांनी कोडं सोडवलं तरच वर ओढायचं. कोडी अशी, की शाळेतल्या पोरानं पाटी पुसता पुसता सोडवावीत. मुखवटा गावातल्या पत्र्याच्या कारागिरानं चहाच्या जुन्या तबकातून कापला होता आणि त्याच्यावरची नक्षी सगळ्यांच्या ओळखीची होती. मुखवटेवाला गर्जना करायला लागला, की कुणीतरी ओरडायचं, “अरे, आधी त्याच्यावर पेले ठेवा!”

सगळे हसत होते. हद्दू हसत नव्हता.

हद्दू म्हणजे इट्टोचा थोरला भाऊ. वय साठीला टेकलेलं, हात दोराच्या ओढीनं कातडं झालेले. त्याला सगळ्यांत जाड गादीवर बसवलं होतं, पहिला पेला त्याला दिला होता, परातीतला मांसाचा मोठा तुकडा इट्टोनं स्वतःच्या बोटांनी त्याच्यापुढे सरकवला होता. आठ महिने या घरात हे असंच चाललं होतं. भाच्याला, मिमूनला, मरणाच्या दाढेतून ओढून काढणारा मामा तो! त्याला मान नाही द्यायचा तर कुणाला? हद्दूला मात्र तो तुकडा गिळता गिळता घाम फुटला होता. विहिरीचा प्रसंग अजून यायचा होता. त्या प्रसंगात त्याचे हात होते, हातातला दोर होता, आणि दोरानं त्या दिवशी जे सांगितलं होतं ते त्यानं आठ महिने पोटात दाबून ठेवलं होतं.

आमचं गाव खत्ताऱ्यावर जगतं. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या पाटातून गावापर्यंत येतं, त्याला खत्तारा म्हणायचं. पाटावर ओळीनं विहिरी असतात, माणसानं उतरून गाळ उपसावा म्हणून. खाली उतरलेल्याचा आवाज वर पोचत नाही, म्हणून दोर बोलतो. एक हिसका म्हणजे दोर सोड. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे मला वर घे. तीनला ‘का’ विचारायचं नसतं. खाली बाप असो, वैरी असो, तोंडातला घास थुंकून ओढायचं. आमच्या पोरांना फातिहाची प्रार्थना पाठ व्हायच्या आधी हे पाठ होतं.

पण गावाचं आणखी एक पोट आहे, ते म्हणजे सिनेमा. वार्झाझातचे स्टुडिओ जवळ, त्यामुळे परदेशी मंडळी लढाया काढायला येतात आणि मरायला आमची माणसं नेतात. हद्दू चाळीस वर्षांत बावीस वेळा मेला होता. भाला लागून, तलवारीनं, एकदा तर हत्तीखाली. त्या धंद्यातही एकच नियम. ‘कट’ ऐकू येईपर्यंत काही बिघडवायचं नाही. मेलेल्यानं हलायचं नाही, नाकावर माशी बसली तरी नाही. ज्यानं एक प्रसंग बिघडवला, त्याला दुसऱ्या दिवशी गाडीत जागा नाही. असे दोन कायदे घेऊन आम्ही जगतो, आणि ते एकमेकांच्या आड येतील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

‘सात दोर’ काढणारा शकीब, आम्ही मानानं त्याला सी शकीब म्हणायचो, कासाब्लांकाहून आला होता. तिशीचा, पैसा कमी आणि आवाज मोठा. त्याचा एक शहरी नट विहीर बघूनच गारठला, तेव्हा शकीबनं मिमूनला त्या जागी घेतलं. बोलायचं काही नव्हतं. खेळात हरायचं, दहा परस खोल जायचं, खाली तडफडायचं, मरायचं. मिमून चोवीस वर्षांचा, देखणा. त्याला वाटलं, नशीब उघडलं.

पहिल्या दिवशी तडफडता तडफडता त्याच्याकडून तीन हिसके बसले. हद्दूनं क्षणात ओढून त्याला वर काढलं. शकीब भडकला. सगळ्या गावासमोर म्हणाला, “म्हाताऱ्या, तुझ्या एका हाताच्या खाजेपायी माझा अख्खा दिवस गेला! माझा हात वर म्हणजे कॅमेरा चालू! तोवर तू दगड आहेस, दगड! परत असं झालं तर सगळ्यांना घरी पाठवीन, दुसऱ्या गावात विहिरी काय कमी आहेत?” बावीस वेळा बिनचूक मेलेल्या माणसाला असं बोलणं लागणारच. हद्दूला रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिमून त्याला बाजूला घेऊन म्हणाला होता, “मामा, आज मी दोर हलवीन, झटकीन, वाट्टेल ते करीन. पण तीन सुटे हिसके देणार नाही. दिले तर खरे समज.”

“बरं,” हद्दू म्हणाला होता.

त्यानं रिवाजाप्रमाणे आधी दिवा खाली सोडला. खालची हवा कोंदट असली तर दिवा विझतो. दिवा ठणठणीत तेवत राहिला. “हवा चांगली आहे,” हद्दूनं सांगितलं आणि मिमून बिस्मिल्ला म्हणून उतरला. आवाजाचा त्रास नको म्हणून शकीबच्या माणसांनी वीज करायचं यंत्र शेजारच्या कोरड्या विहिरीत उतरवून ठेवलं होतं. त्या यंत्राच्या धुराचं विष जमिनीखालच्या पाटातून इकडे येतं, त्याला वास नसतो आणि त्यात दिवाही विझत नाही, हे नंतर इस्पितळातल्या डॉक्टरनं सांगितलं.

दिव्याची चूक हद्दूनं लपवली नाही. ज्याला त्याला सांगितली, छाती पिटून सांगितली. इतक्या मोकळेपणानं सांगितली, की दुसरं काही विचारायचं कुणाला सुचलंच नाही. दुसरं विचारलं ते फक्त इट्टोनं, इस्पितळाच्या ओसरीत, मिमून आत बेशुद्ध असताना. “दादा, त्यानं हिसके दिले नाहीत?”

आणि हद्दूच्या तोंडून निघून गेलं, “नाही दिले गं. नुसता दोर थरथरत होता. मला वाटलं, काम करतोय. शेवटी माझ्या मनालाच काहीतरी लागलं, म्हणून ओढलं.”

एवढंच. पण खोटं बोलणं सोपं असतं, त्याला खायला घालणं कठीण. तिसऱ्या दिवशी मिमूननं डोळे उघडले. त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता आणि तो अख्खा आठवडा त्याच्या डोक्यातून पुसला गेला होता. त्यानं विचारलं, काय झालं? लोकांनी सांगितलं, तू दोर विसरलास. मामा होता म्हणून वाचलास.

ज्या घरातल्या तीन पिढ्या विहिरीत उतरल्या, त्या घरातला मुलगा दोर विसरला! गावाला चघळायला विषय मिळाला. टारगट पोरं मागून यायची, मिमूनच्या जेलाब्याची, म्हणजे पायघोळ झग्याची, मागची टोपी तीनदा ओढायची आणि पळायची. पलीकडच्या गावच्या सोयऱ्यानं ठरलेलं लग्न मोडलं. म्हणाला, जो स्वतःचा जीव मागायला विसरतो तो माझ्या मुलीला काय सांभाळणार? गाळ उपसायची वेळ आली तेव्हा पाण्याचा मुखिया मोहा यानं मिमूनचं नाव यादीत घेतलंच नाही. हात थरथरतो म्हणून नव्हे. वर उभं राहून घमेली मोजायला हात लागत नाहीत. “ज्याला दोर कळत नाही तो विहिरीजवळ नको,” एवढंच मोहा म्हणाला. मिमूननं मान खाली घातली. सगळ्यांत वाईट म्हणजे त्यानंही ते खरं मानलं होतं.

“बंद करा रे हे!” आता हद्दू गादीवरून म्हणाला. त्यानं आवाजात जमेल तेवढी जांभई आणली. “काय पोरखेळ! कान किटले. लाहो, फुटबॉल लाव.”

“खरंय मामा,” लाहो म्हणाला. “मागून तेच गाढव तिसऱ्यांदा गेलं. सात दोस्तांतले चार मेले, पण कंटाळ्यानं मेले की काय ते कळत नाही.” त्यानं बटण दाबायला हात पुढे केला.

“थांब!” मिमून पुढच्या रांगेत बसला होता. तो मागे वळला. “माझं अजून आलं नाही.”

“अरे, तू मरतोस, दुसरं काय होणार आहे?”

“मला दोर बघायचाय.” मिमून हसून म्हणाला, पण त्या हसण्यात जीव नव्हता. “आठ महिने लोक सांगतात, मी ऐकतो. एकदा माझ्या डोळ्यांनी बघू दे. मग बंद कर, फोडून टाक, काहीही कर.”

 कोपऱ्यातून म्हातारा मोहा म्हणाला, “बघू दे त्याला. मीही तेवढ्यासाठीच आलोय.”

हद्दूला उमगलं. म्हणजे सिनेमा बघायला कुणी आलंच नव्हतं. सगळे दोर बघायला आले होते! शकीबला त्याचे हात आवडले होते, हेही त्याला पक्कं आठवत होतं. “या हातांवर कॅमेरा ठेवा, याहून चांगला नट मला मिळणार नाही,” असं तो म्हणाला होता. तेव्हा हद्दूला बरं वाटलं होतं, लाज सोडून सांगायचं तर फुगून गेला होता तो. त्या कॅमेऱ्यानं सगळं टिपलं असणार. शहरातल्या माणसाला तो नुसता हलणारा दोर. पण या खोलीत बसलेलं प्रत्येक माणूस, तूदासुद्धा, त्या हिसक्यांचा अर्थ घोटभर चहा गिळायच्या आत सांगेल. आणि मग त्यांना हेही दिसेल, की हद्दूचे हात हललेच नाहीत.

टीव्हीची वायर त्याच्या गादीच्या कडेनं गेली होती. त्यानं पाय जरा लांब केला. अंगठ्याला वायर लागली. एक झटका दिला की झालं. म्हातारा माणूस, पाय अडकला, कोण काय म्हणणार? पण परत लावतील. परत लावलं तर परत झटका द्यायचा? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्याला वाटलं, सगळी खोली त्याच्या अंगठ्याकडेच बघतेय.

पडद्यावर गढीचं अंगण आलं, आणि पाठोपाठ विहीर.

“गप्प!” तूदानं सगळ्यांना दटावलं.

मिमून पडद्यावर आला. आठ महिन्यांपूर्वीचा, भरल्या गालांचा, दोन्ही हात स्थिर. इट्टोच्या तोंडून “माझं लेकरू” असं निघून गेलं आणि तिनं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. मुखवटेवाल्यानं काहीतरी फर्मावलं. मिमूनच्या छातीला दोर बांधला गेला. रहाट कुरकुरला, तो खाली गेला, आणि मग अख्खा पडदा भरून हद्दूचे हात आले.

“अरे वा! मामांचे हात हिरोपेक्षा मोठे!” लाहो म्हणाला. कुणी हसलं नाही.

दोर स्थिर होता. मग थरथरला, गोल फिरला, ताणला गेला. खालून किंकाळी आली. ती नंतर शहरात कुणाची तरी भरलेली होती, मिमूनचा आवाज तसा नव्हता. दोर झटकला, सैल पडला, पुन्हा झटकला. हद्दूला पुढचं तोंडपाठ होतं. आता दोर क्षणभर थांबेल. मग पहिला हिसका, दुसरा, तिसरा, एकेक सुटा. मग तेवढीच विश्रांती, आणि पुन्हा तीन. पण शेवटचा इतका दुबळा, की तळहातालाच कळावा. त्याच्या अंगठ्याखाली वायर होती. मोहा गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकला होता. मिमूनचे ओठ हलत होते, तो मोजायला तयार बसला होता.

दोर थांबला.

हद्दूनं डोळे मिटले. वायर ओढायचं त्याला भान राहिलं नाही.

कानांवर आला तो धावण्याचा आवाज. त्यानं डोळे उघडले. पडद्यावर तीच हरवलेली बाई स्वच्छ बुटांनी पळत होती आणि मागे तूदाच्या गोधड्या वाळत होत्या. मग पुन्हा विहीर आली, रहाट फिरला आणि दोराला लटकून काहीतरी वर आलं. त्याला मिमूनचा सदरा घातला होता, पण ते पेंढा भरलेलं पोतं होतं हे आंधळ्यालाही कळलं असतं.

“एवढंच?” तूदा म्हणाली. “याच्यासाठी घोंगडी टांगली?”

“मागे घे,” मिमून म्हणाला.

लाहोनं मागे घेतलं. दोर थरथरला, फिरला, झटकला, थांबला. बाई धावली.

“पुन्हा घे.”

पुन्हा तेच. हिसक्यांचा भाग कापून टाकला होता. का कापला, शकीबला ठाऊक. त्याला तो लांबट वाटला असेल, किंवा दोर नुसताच तीनदा हलतो यात त्याला काही भीतीचं दिसलं नसेल. हद्दूचा श्वास सुटला. सुंठीवाचून खोकला गेला होता! आता जगात कुठे, कुणापाशी पुरावा नव्हता. मिमूनला काही आठवत नव्हतं. दोराचं मागचं टोक धरायला शकीबनं उभी केलेली शहरी पोरं केव्हाच निघून गेली होती, आणि त्यांना तसंही काही कळलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानं चहाचा पेला उचलला. 

मोहा मागे रेलला. “हं,” तो हळूच म्हणाला. “म्हणजे नाहीच दिले.”

“नाहीच दिले,” मिमून म्हणाला. तो अजून पडद्याकडेच बघत होता. “बरं झालं बघितलं. मला आपलं उगाच वाटायचं... म्हणजे रात्री कधी कधी वाटायचं, की मी दिले असणार. मी असा कसा विसरेन? पण दिसतंय ना. बघा, दोर थांबला की मी थांबलो. आयता मरायला बसलो.” आणि तो सगळ्यांकडे वळून हसला. “जाऊ दे. चहा ओत गं आई.”

वातावरण हलकं करायला लाहोनं त्याच्या जेलाब्याची टोपी धरली आणि हळूच तीनदा ओढली. “वर या साहेब, चहा आलाय!”

खोली हसली. दुष्टपणानं नाही, सुटल्यासारखी हसली. मिमूनही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला, आणि हसता हसता थरथरणारा हात त्यानं मांडीखाली दाबून धरला.

हद्दूला ते बघवलं नाही. विहिरीच्या काठावर जे त्याच्यानं झालं नव्हतं, ते इथे तोंडानं झालं.

“दिले होते,” तो म्हणाला.

कुणाला ऐकू गेलं नाही. इट्टो चहा ओतत होती.

“दिले होते त्यानं!” आता तो ओरडलाच. “तीन दिले. थांबला. मग परत तीन दिले. मला कळले. त्याच क्षणी कळले.”

चहाची धार पेल्याबाहेर पडली तेव्हा इट्टोनं किटली खाली ठेवली. पडद्यावर कुणीतरी कुणाला तरी मारत होतं. लाहोनं चाचपडत आवाज बंद केला.

“काय बोलतोयस दादा?” इट्टो म्हणाली.

“खरं तेच.”

“मग तू काय करत होतास?”

सांगायला खूप काही होतं. आदल्या दिवशीचा अपमान होता, गावाच्या मजुरीची धमकी होती, चाळीस वर्षांची सवय होती. हद्दूनं तोंड उघडलं आणि त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

“सी शकीबच्या हाताकडे बघत होतो,” तो म्हणाला. “त्याचा हात वर होता.”

“आणि मनाला लागलं म्हणून ओढलंस, ते?”

“काही लागलं नाही मनाला. त्यानं हात खाली केला, मग ओढलं.”

“किती वेळानं?”

“फातिहा म्हणत होतो. तिसरी चालली होती.”

इट्टो त्याच्याकडे बघत राहिली. इस्पितळात याच बाईनं त्याच्या हातांचं चुंबन घेतलं होतं. घरातला एकुलता बोकड त्याच्या नावानं कापून गावजेवण घातलं होतं. ती रडली असती, अंगावर धावून आली असती, तर हद्दूला सोपं गेलं असतं. ती नुसती बघत राहिली. मोहानं काठी जवळ ओढली आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “हद्दू, उद्यापासून दोराला हात लावायचा नाही.” हद्दूनं मान डोलावली. ते तर त्यानं स्वतःच ठरवलं होतं. त्या दिवसानंतर रहाटापाशी उभं राहिलं की त्याचे तळहात गार पडायचे.

मिमून उठून त्याच्यापुढे येऊन बसला. हद्दूनं गाल पुढे केला, मारायचं तर मार म्हणून. पण मिमूनला राग यायला अजून वेळ होता. आधी त्याला दुसरंच काहीतरी झालं होतं.

“मामा, नीट दिले होते?” त्यानं विचारलं. “सुटे सुटे?”

“सुटे.”

“गडबडीत नाही? आपोआप बसले असं नाही?”

“नाही रे. विष चढलेलं असताना तू मोजून दिलेस. तुझ्या आजानंसुद्धा याहून स्वच्छ दिले नसते.”

“आणि परत दिले?”

“परत दिले. शेवटचा हलका होता. पण दिलास.”

मिमून वळला. “मोहाबाबा, ऐकलंत?”

“ऐकलं,” मोहा म्हणाला.  “सगळ्यांनी ऐकलं पोरा.”

“लाहो, ऐकलंस ना तू? तूदाकाकू, तुम्ही?”

“ऐकलं रे बाबा,” तूदा म्हणाली आणि डोळे पुसायला लागली. लाहो मांडीवर ठेवलेल्या आपल्या हातांकडे, टोपी ओढणाऱ्या हातांकडे, बघत बसला होता.

तेव्हा इट्टो बोलली. मोठ्यानं नाही. “दादा, घरी जा.”

आमच्याकडे थोरल्या भावाला घरातून जा म्हणत नाहीत. बहीण तर नाहीच म्हणत. बायकांनी माना फिरवल्या. हद्दू उठला, वायर ओलांडून दाराशी गेला. वीस जोड्यांत त्याला स्वतःच्या चपला सापडेनात. कुणी मदत केली नाही आणि त्यानंही कुणाकडे बघितलं नाही. शेवटी सापडल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. डोळ्यांना काही दिसेना, म्हणून तो भिंतीला धरून उभा राहिला.

आत कुणीतरी खिडकीवरची घोंगडी काढली. त्या उघड्या खिडकीतून मिमूनचा आवाज बाहेर येत होता. तो कुणाला तरी समजावून सांगत होता, उतावीळपणे, घाईघाईनं, जणू त्याला सगळं आठवत होतं.

“आधी तीन दिले. मग वाट बघितली. मग परत तीन.”